चिठ्ठी बदलणारा हात

"लिंक पाठवा आणि घरबसल्या कमवा" हे वाक्य आता सातपुड्याच्या डोंगरांतही येऊन पोहोचले आहे. मोलगी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील बाजाराचे गाव. आसपासच्या पाड्यांवरील माणसे आठवड्याच्या बाजाराला तेथे उतरतात. आमचूर, मोहफुले, चारोळी, भगर हा माल येथे हातोहात विकला जातो. मोबाइलला संदेश-लहरी कोठे मिळतात, तर कोठे टेकडी चढल्याखेरीज मिळत नाहीत. तरीदेखील लिंक पाठवून कमिशन मिळविण्याची कल्पना या भागातील मुलांना चांगलीच ठाऊक आहे. त्यांच्याकडून एक प्रश्न हल्ली वारंवार ऐकू येतो. आपल्या लिंकवरून कोणी वस्तू विकत घेतली, तर तिचे कमिशन मधल्या मध्ये कोणी पळवू शकेल काय?

उत्तर सरळ आहे. होय, पळविता येते. पळविले गेलेही आहे आणि अशा प्रकरणात माणसे तुरुंगात गेली आहेत. वरवर पाहता हा प्रश्न व्यापाराचा वाटतो. परंतु माझ्या मते तो मुळात मोजमापाचा आहे, आणि म्हणूनच विज्ञानाच्या मासिकात त्याची चर्चा करावयास हरकत नसावी. या प्रकारात चोर पैशाच्या पेटीला हात लावीत नाही. तो फक्त मोजणी बदलतो; पैसे मग आपोआप, अगदी नियमानुसार, त्याच्या घरी जातात.

प्रथम हा व्यवहार कसा चालतो ते पाहू. समजा, मोलगीच्या एका तरुणाची अक्कलकुव्यातील एका दुकानदाराशी बोली झाली आहे. तरुणाने गिऱ्हाईक पाठवावे आणि त्याच्या खिशात आपल्या नावाची चिठ्ठी ठेवावी. गिऱ्हाइकाने २,००० रुपयांचा सौर दिवा घेतला, की दुकानदार चिठ्ठी पाहणार आणि शेकडा ५ प्रमाणे १०० रुपये तरुणाच्या नावे लिहिणार. एकाच गिऱ्हाइकाच्या खिशात दोघातिघांच्या चिठ्ठ्या निघाल्या तर काय करावयाचे? दुकानदाराने सोपा नियम केला आहे: सर्वांत शेवटी ठेवलेली चिठ्ठी खरी, बाकीच्या रद्द.

आता दुकानाच्या दाराशीच एक गोड बोलणारा इसम उभा राहतो. तो गिऱ्हाइकाला म्हणतो, "थांबा दादा, काही सूट मिळते का ते पाहतो." आणि बोलता बोलता त्याच्या खिशात आपली चिठ्ठी सरकवितो. सूट कधी मिळते, कधी मिळत नाही. गिऱ्हाइकाचे काही बिघडले नाही. दुकानदाराला १०० रुपये कोणाला तरी द्यावयाचेच होते, त्याचेही काही गेले नाही. गेले ते डोंगरापलीकडे बसलेल्या तरुणाचे, आणि त्याला ते कळण्याचा मार्गच नाही. त्याला एवढेच दिसते की, या महिन्यात आपल्या चिठ्ठीवर कोणी दिवा घेतला नाही.

इंटरनेटवरील चिठ्ठीला 'कुकी' म्हणतात. १९९४ साली नेटस्केप या कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने ती योजिली. तिची गरज का पडली, हेही जाणून घेण्यासारखे आहे. इंटरनेटवरील दुकानाचा संगणक मुळात विसराळू असतो. तुम्ही एक पान मागितले, त्याने दिले, व्यवहार संपला. दुसरे पान मागावयास तुम्हीच आलात, हे त्याला ओळखता येत नाही. यावर उपाय म्हणून तो तुमच्याच ब्राउझरमध्ये एक लहानशी नोंद ठेवून देतो आणि पुढच्या वेळी ती परत मागतो. आपल्याच जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले, हे तुम्हांला माहीत असेल. कुकी हाही ओळख पटविणारा एक क्रमांकच समजा. फरक एवढाच की, आधारची मूळ नोंद सरकारकडे राहते, तर कुकी राहते गिऱ्हाइकाच्या यंत्रात. त्या यंत्रात ज्याला शिरकाव मिळाला, त्याला ती पुसता येते आणि तिच्या जागी दुसरी ठेवता येते. चोरी शक्य होते ती येथे.

शिफारशीवर कमिशन देण्याची पद्धत ॲमेझॉनने जुलै १९९६ मध्ये सुरू केली आणि तिचा प्रसार झाला. तुमच्या लिंकवरून आलेल्या माणसाने साधारणतः २४ तासांच्या आत माल घेतला तर कमिशन तुमचे, असा तेथील नियम. इतर दुकानांच्या मुदती निरनिराळ्या आहेत. परंतु बहुतेक ठिकाणी शेवटची चिठ्ठी खरी मानतात.

आता घडलेल्या गोष्टी पाहू. पहिली ईबे या अमेरिकन कंपनीची. तिच्याकडून सर्वाधिक कमिशन मिळविणाऱ्यांत शॉन होगन आणि ब्रायन डनिंग ही दोन नावे होती. त्यांनी अशा युक्त्या केल्या होत्या की, माणूस दुसरीच कोणती तरी पाने पाहत असला, तरी त्याच्या नकळत ईबेची कुकी त्याच्या संगणकात जाऊन बसे. त्याने ईबेच्या कोणत्याही लिंकला स्पर्श केलेला नसे. पुढे काही दिवसांत तो स्वतःहून ईबेवर काही विकत घेई आणि कमिशन मात्र या दोघांना मिळे. एकट्या होगनला सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर मिळाल्याचे सांगितले गेले. ईबेने २००८ साली दावा लावला, अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने चौकशी केली, दोघांनीही गुन्हा कबूल केला, आणि २०१४ साली होगनला ५ महिन्यांची व डनिंगला १५ महिन्यांची कैद झाली. (डनिंग हे गृहस्थ भोंदू विज्ञानाचा समाचार घेणारा एक ध्वनि-कार्यक्रम चालवीत असत. चिकित्सक बुद्धी आणि सचोटी एकाच घरात नांदतात असे नाही.)

या प्रकरणातील एक तपशील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. ईबेच्या आरोपानुसार होगनचा प्रोग्रॅम आधी पाहुण्याचा संगणक कोणत्या शहरात आहे हे तपासून पाही. सान होसे किंवा सान्ता बार्बरा असेल, तर तो गप्प बसे. पहिल्या शहरात ईबेची कचेरी होती आणि दुसऱ्यात कमिशनचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीची. म्हणजे तपासनिसाने आपल्या टेबलावर बसून कितीही वेळा चाचणी घेतली, तरी सारे काही स्वच्छच दिसावयाचे. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींचे जे प्रकरण २०१५ साली उघडकीस आले, त्यातही हीच तऱ्हा होती. धुराची चाचणी चालू आहे हे मोटार ओळखी आणि तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागे. मापन करणारा कोण आहे हे पाहून जी वस्तू वागणूक बदलते, तिची परीक्षा तिला नकळतच घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट अलीकडची, आणि दारातल्या त्या इसमाशी अधिक जुळणारी. 'हनी' नावाचा एक पूरक प्रोग्रॅम ब्राउझरला जोडता येतो. खरेदीच्या शेवटी पैसे भरावयाच्या पानावर तो पुढे येतो आणि सवलतीचे कूपन शोधून देऊ का, असे विचारतो. २०१२ साली निघालेली ही कंपनी पेपाल या बड्या कंपनीने सुमारे ४ अब्ज डॉलरना घेतली. त्या वेळी हनीचे दरमहा सुमारे १ कोटी ७० लाख वापरकर्ते होते. डिसेंबर २०२४ मध्ये 'मेगालॅग' या नावाने यूट्यूबवर चित्रफिती करणाऱ्या एका माणसाने बारकाईने तपासून दाखविले की, हनीचे बटण दाबताच एक लहानसे पान पडद्याआड उघडते, मिटते, आणि तेवढ्यात आधीच्या शिफारस करणाऱ्याची नोंद जाऊन हनीची नोंद बसते. कूपन सापडले नाही तरीही, "सापडले नाही" या निरोपाला "ठीक" म्हणताच हेच घडे. त्याच्या एका चाचणीत कमिशन होते ३५ डॉलरहून अधिक, आणि त्यातून गिऱ्हाइकाला परत मिळणार होते १ डॉलरपेक्षाही कमी. यातील खरी मौज अशी की, यूट्यूबवरच्या ज्या मंडळींनी पैसे घेऊन हनीची जाहिरात केली, त्यांतील अनेकांची स्वतःचीही मिळकत अशाच कमिशनवर होती. आपल्या गिऱ्हाइकाच्या खिशाशी त्या इसमाला त्यांनीच नेऊन उभे केले होते.

पेपालचे म्हणणे असे की, शेवटच्या चिठ्ठीचा नियम हा या धंद्यातील रूढ नियम आहे आणि हनी तो पाळते. हे म्हणणे खोटे नाही, आणि म्हणूनच ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. अनेक निर्मात्यांनी कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावे लावले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने फिर्याद आहे त्या स्वरूपात टिकण्यासारखी नाही असे ठरविले, परंतु ती सुधारून पुन्हा मांडण्याची मुभा दिली. अडचण होती ती नुकसान नेमके दाखविण्याची. ज्याची चिठ्ठी पुसली गेली, त्याच्याजवळ पुसल्याचा पुरावा कोठून असणार? पुरावा पुसला जाणे हेच तर त्याचे नुकसान आहे!

या दोन प्रकरणांची तुलना करून पाहा. पहिल्यात नुकसान दुकानाचे होते. जे गिऱ्हाईक आपण होऊन येणार होते, त्याच्यासाठी दुकानाला उगाच कमिशन मोजावे लागले. तेथे तपास यंत्रणा धावली, खटला झाला, शिक्षा झाल्या. दुसऱ्यात दुकानाच्या खिशातून एरवीही तेवढीच रक्कम गेली असती. बुडाले ते विखुरलेले, एकमेकांना न ओळखणारे, दूर बसलेले लोक. त्यांना स्वतःच वकील गाठावे लागले. चोर पकडण्याची उत्सुकता ज्याची गाठ रिकामी होते त्यालाच असते, आणि हिशेबाची वही मात्र ज्याचे काहीच जात नाही त्याच्या हाती आहे. मोलगीच्या तरुणाने या धंद्यात उतरताना ध्यानी धरावयाची गोष्ट हीच आहे.

मोबाइलवरील एक तिसरा प्रकार मला सर्वांत मनोरंजक वाटतो, कारण तेथे चोर पकडावयास घड्याळ पुरते. तुमच्या शिफारशीवरून कोणी एखादे ॲप मोबाइलमध्ये बसविले, तर काही कंपन्या त्याबद्दलही कमिशन देतात. अँड्रॉइड मोबाइलमध्ये नवे ॲप बसले की, त्याची वर्दी मोबाइलमधील इतर ॲपनाही मिळू शकत असे. एखादे लबाड ॲप ती वर्दी ऐकत बसे आणि नवे ॲप प्रथमच उघडले जाण्याच्या आत, "हे गिऱ्हाईक मीच पाठविले" अशी खोटी क्लिक पाठवून देई. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोचावा या कंपनीच्या तपासणीचा आधार घेऊन बझफीड न्यूजने अशा ८ ॲपची हकिगत छापली. ती सर्व मिळून २ अब्जांहून अधिक वेळा उतरवून घेतली गेली होती. ॲप बनविणाऱ्या कंपन्यांपैकी चीता मोबाइलने दोष आपला नसून इतरांकडून घेतलेल्या प्रोग्रॅमचा आहे, असा खुलासा केला.

आता गणित करू. नव्या ॲपचा आकार ४० मेगाबाइट आहे असे समजा. एक बाइट म्हणजे ८ बिट, म्हणून एकूण ३२० मेगाबिट. डोंगरातील जाळ्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट धरला, तर ते उतरावयास १६० सेकंद, म्हणजे अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागेल. खऱ्या शिफारशीत क्लिक आधी, उतरणे नंतर आणि उघडणे त्याच्याही नंतर. तेव्हा क्लिक आणि पहिले उघडणे यांत १६० सेकंदांहून कमी अंतर असूच शकत नाही. नोंदवहीत जर हे अंतर ४ सेकंद दिसले, तर ती क्लिक कोणत्याही माणसाच्या बोटाने झालेली नाही, हे शपथेवर सांगता येईल. ४० मेगाबाइट ४ सेकंदांत यावयाचे तर सेकंदाला ८० मेगाबिट वेग हवा, आणि तो या डोंगरात कोठून आणणार? गूगलने २०१७ साली क्लिकची आणि ॲप उतरू लागल्याची अशा दोन्ही वेळा ॲपच्या मालकाला मिळण्याची सोय केली, ती या कामी फार उपयोगी पडली. ॲप उतरू लागल्यानंतर झालेली क्लिक ही उतरण्याचे कारण असू शकत नाही. कार्य आधी आणि कारण नंतर, असे निसर्गात घडत नाही.

याच घड्याळाने आणखी एक लबाडी दिसते. काही जण हजारो माणसांच्या नावे खोट्या क्लिक अखंड पाठवीत राहतात. त्यांतील काही माणसे ते ॲप पुढेमागे आपण होऊन घेतीलच, अशी आशा! या क्लिकचा आणि ॲप घेण्याचा संबंध नसल्यामुळे दोहोंमधील अंतर कितीही असू शकते. खऱ्या क्लिकचा आलेख काढला तर तो सुरुवातीला उंच आणि पुढे झपाट्याने उतरणारा येतो. खोट्या क्लिकचा आलेख सपाट येतो. ज्यांनी गायगर गणित्र पाहिले आहे त्यांना ही सपाट रेषा ओळखीची वाटेल. जवळ किरणोत्सारी पदार्थ नसतानाही गणित्र टकटक करीतच असते, तशी ही पार्श्वभूमीची टकटक आहे. प्रयोगशाळेत आपण ती एकूण मोजणीतून वजा करतो. येथे मात्र तिच्यावर कमिशन दिले जाते.

पण कमिशन आले नाही म्हणजे ते चोरलेच गेले, असेही समजू नये. शास्त्रीय वृत्तीच्या माणसाने आधी साधी कारणे तपासावीत. गिऱ्हाइकाने लिंक मोबाइलवर उघडली आणि खरेदी भावाच्या संगणकावर केली असेल. मुदत संपून गेली असेल. ब्राउझरमधून तो दुकानाच्या ॲपमध्ये गेला आणि चिठ्ठी वाटेत गळाली असेल. त्याने ब्राउझरच्या खाजगी खिडकीतून खरेदी केली असेल, कुकी पुसल्या असतील किंवा वस्तू परत पाठविली असेल. ही सारी रोजची कारणे आहेत. एखाद्या महिन्याच्या अहवालावरून कोणाला चोर ठरविणे हे तीन निरीक्षणांवरून नियम काढण्यासारखे आहे.

कायद्याच्या दृष्टीने 'चोरी' हा शब्दही येथे नीट बसत नाही. भारतीय न्याय संहितेतील चोरीची व्याख्या जंगम मालमत्तेची आहे, आणि न मिळालेले कमिशन ही काही खिशातून काढून नेलेली वस्तू नव्हे. फसवणूक हा शब्द अधिक जवळचा. शिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ४३व्या कलमात मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकातील माहिती बदलणे किंवा पुसणे याबद्दल भरपाईची तरतूद आहे, आणि तेच अप्रामाणिकपणे केले तर ६६व्या कलमान्वये ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पण संगणकाच्या मालकाने, म्हणजे गिऱ्हाइकाने, स्वतःच बटण दाबून परवानगी दिली असेल तर? वकील मंडळी याच शब्दावर भांडणार हे उघड आहे. कायद्याचे नाव काहीही असो, ज्याच्या मेहनतीचा पैसा दुसऱ्याकडे जातो त्याच्या दृष्टीने ती चोरीच, असे मी म्हणेन.

माझा मुख्य आक्षेप मात्र चोरांपेक्षा शेवटच्या चिठ्ठीच्या नियमावर आहे. तो खरा आहे म्हणून निवडलेला नाही; सोपा आहे म्हणून निवडलेला आहे. आमचुराचेच पाहा. झाडावर चढून कैऱ्या उतरविणारा वेगळा, त्या सोलून फोडी करणारे हात वेगळे, उन्हात राखण करीत वाळविणारे वेगळे, आणि पोते डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत आणणारा वेगळा. पोत्याला शेवटी ज्याचा हात लागला त्यालाच सगळे पैसे, असा नियम कोणी केला तर मोलगीच्या बाजारात त्याला उभे तरी राहू देतील काय? आणि असा नियम झालाच, तर झाडावर कोण चढेल? सगळेच पोत्यापाशी गर्दी करतील. इंटरनेटवर नेमकी तीच गर्दी झाली आहे.

कूपन देणाऱ्यांची बाजूही ऐकावयास हवी. ते म्हणतात, गिऱ्हाईक दारापर्यंत येऊन माघारी फिरते. आम्ही सूट दाखविली म्हणूनच ते माल घेते. तेव्हा शेवटच्या ढकलण्याचे मोल आहे. असेलही. परंतु शेवटी घडले म्हणून तेच कारण, हा तर्क म्हणजे कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडण्यासारखा आहे. ईबेनेच २०१२ साली एक चांगला प्रयोग केला होता. शोधयंत्रावर 'ईबे' हा शब्द टाकणाऱ्याला दिसणारी आपली पैसे देऊन केलेली जाहिरात तिने काही काळ बंद केली. येणारी माणसे जवळजवळ तेवढीच राहिली. जाहिरातीऐवजी ती शेजारच्या साध्या दुव्यावरून आली एवढेच. हा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. मोजणी सांगत होती की, ही गिऱ्हाइके जाहिरातीने आणली. प्रयोगाने सांगितले, ती येणारच होती. कूपनवाल्यांनीही असा प्रयोग करून दाखवावा. निम्म्या गिऱ्हाइकांना, नाणे उडवून निवडलेल्या, कूपन दाखवावे आणि निम्म्यांना दाखवू नये. दोहोंच्या खरेदीत जो फरक येईल तेवढ्यावर त्यांचा हक्क मी आनंदाने मान्य करीन.

तोपर्यंत दोन सुधारणा सहज करता येण्यासारख्या आहेत. गिऱ्हाइकाने माल टोपलीत टाकल्यानंतर पडलेली चिठ्ठी आधीची चिठ्ठी रद्द करू शकणार नाही, असे दुकानांनी ठरवावे. कमिशनचा हिशेब ठेवणाऱ्या काही संस्थांचा असा नियम आहेच की, नुकतीच दुसऱ्या कोणाची लिंक वापरली गेली असेल तर पूरक प्रोग्रॅमने बाजूला उभे राहावे. पण तो पाळावयाचा त्या प्रोग्रॅमने स्वतःच, म्हणजे दारातल्या इसमालाच दाराची राखण! गूगलनेही मार्च २०२५ मध्ये आपल्या ब्राउझरच्या पूरक प्रोग्रॅमसाठी नियम कडक केले. वापरणाऱ्याचा प्रत्यक्ष फायदा होत नसेल किंवा त्याने स्वतः काही कृती केली नसेल, तर कमिशनची खूण घालता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. हे पाऊल योग्य दिशेचे आहे, पण 'ठीक' हे बटण दाबणे हीसुद्धा कृतीच ठरविता येते.

दुसरी सुधारणा वहीची. तांत्रिक उपाय म्हणून पुष्कळ जण सांगतात की, नोंद गिऱ्हाइकाच्या यंत्रात न ठेवता दुकानाच्या संगणकात ठेवावी. ती बाहेरून पुसता येत नाही, हे खरे. पण नियम शेवटच्या चिठ्ठीचाच राहिला, तर नवी चिठ्ठी जुनीला तेथेही रद्द करील. म्हणून पूर्वीच्या सर्व चिठ्ठ्या वेळेसह जपून ठेवाव्यात आणि शिफारस करणाऱ्याला, गिऱ्हाइकाचे नाव न सांगता, आपल्या प्रत्येक क्लिकचे पुढे काय झाले ते पाहता यावे. बाजारातील तराजू आणि वजने सरकारी निरीक्षक ठराविक मुदतीने तपासतो व त्यांवर शिक्का मारतो; वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ हा त्यासाठीच आहे. आमचुराचे पोते तोलताना काटा विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो. क्लिक मोजणाऱ्या यंत्राचा काटा मात्र एकाच पक्षाला दिसतो, आणि त्यावर कोणाचाही शिक्का नाही. ज्या मोजणीवर माणसांची मजुरी ठरते, ती तिसऱ्या कोणी तरी तपासली पाहिजे, एवढीच ही मागणी आहे.

शिक्षकांना शाळेच्या संगणकावर हे दाखविता येईल. खर्च काहीही नाही. ब्राउझरमध्ये दोन स्वतंत्र खाती करावीत. एक कोरे ठेवावे, दुसऱ्याला कूपन शोधणारा पूरक प्रोग्रॅम जोडावा. कोणत्याही दुकानात आपले नाव, परवलीचा शब्द किंवा बँकेचा क्रमांक देऊ नये आणि काही विकत घेऊ नये. वस्तूंची परीक्षणे देणाऱ्या एखाद्या पानावरील लिंक दोन्हींकडे उघडावी. वरच्या पत्त्याच्या ओळीत प्रश्नचिन्हानंतर जी अक्षरे व आकडे येतात, त्यांत शिफारस करणाऱ्याची खूण पुष्कळदा दिसते. ती वहीत उतरवून घ्यावी. ब्राउझरच्या विकसकांसाठी असलेल्या खिडकीत कुकींची यादी मिळते, तीही लिहून घ्यावी. मग वस्तू टोपलीत टाकून पैसे भरण्याच्या पानाच्या जवळ जितके जाता येईल तितके जावे, कूपनचे बटण दाबावे आणि यादी पुन्हा पाहावी. कोणती नोंद बदलली, कोणती नवी आली आणि बटण दाबल्यापासून किती सेकंदांनी, हे तीन रकाने पुरेत. प्रयोग निदान दहा वेळा करावा, आणि शक्य तर एकदा शाळेत व एकदा दुसऱ्या गावातून दुसऱ्या जोडणीवर. सान होसेचा धडा आपण वाचलाच आहे. कोऱ्या खात्यातही तोच बदल दिसला, तर दोष कूपनच्या प्रोग्रॅमचा नव्हे. शोध दुसरीकडे घ्यावा लागेल.